मंगळवारचा प्रश्न

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी चाळीस वर्षं भिंगाखाली मान घालून काढली आणि पैशाचा विचार बायकोवर सोपवला. बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. पगारातून उरेल त्याचे त्या शेअर घ्यायच्या. घेतले की काकांना सांगायच्या. काका "हं, तू बघ गं" म्हणायचे आणि पुन्हा काट्यांत गुंतायचे.

मग बाईंना दिसेनासं झालं. आधी अक्षरं पुसट झाली, वर्षभरात चेहरेही. तेव्हापासून सकाळी पेपरातले भाव काका वाचून दाखवू लागले. वाचता येत होतं, कळत काडीचंही नव्हतं. बाई ऐकून घ्यायच्या आणि मध्येच विचारायच्या, "अहो, लाभांश खात्यात आपोआप जमा होतो की मागावा लागतो?"

"मंगळवारी सांगतो," काका म्हणायचे. मंगळवारी दुकान बंद असे.

त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून शेअर दलालाच्या कचेरीत जात. चौकशीच्या खिडकीत एक ताई बसायच्या. काका चिठ्ठी काढून एकच प्रश्न वाचत. भाव पडला की शेअरची संख्या कमी होते का? दलालाने दुकान गुंडाळलं तर आपले शेअरही जातात का? नॉमिनी म्हणजे वारसच ना? ताई शांतपणे सांगत. संख्या तीच राहते. शेअर तुमच्या नावावर वेगळ्या खात्यात असतात. नॉमिनीच्या हाती शेअर येतात, पण मालकी वारसांची. काका उत्तर लिहून घेत, पुन्हा वाचून दाखवत. मागच्या टेबलावरचे कारकून गालातल्या गालात हसत. काकांना ते कळायचं आणि कानाच्या पाळ्या तापायच्या, पण बाईंपुढे रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा ते बरं.

एकदा बाईंच्या खात्यावर काकांना नॉमिनी लावायचं ठरलं. बाईंना सही जमत नव्हती. अंगठा लागणार, तोही साक्षीदारांसमोर. म्हणून शेजारच्या वहिनींना बोलावलं आणि ताई स्वतः घरी आल्या. अंगठा झाला, वहिनी गेल्या. काका चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन येताना त्यांना ताईंचा आवाज ऐकू आला. "बाई, तुमचे प्रश्न मोठे नेमके असतात."

"सव्वीस वर्षं शेअर घेतेय मी. लाभांश कसा येतो हे मला ठाऊक नसेल?" बाई म्हणाल्या. "पण माझ्यामागे हे कागद बघून हे गांगरतील. कुणी गोड बोलून सही घेऊन जाईल. समोर बसवून शिकवायला गेले की डुलक्या काढतात. म्हणून गृहपाठ देते."

काका दाराआड थबकले. आधी राग आला. वर्षभर आपण कारकुनांचं हसू झेललं ते यासाठी? मग 'माझ्यामागे' हा शब्द मनात उतरला. ते परत आत गेले, चहा पुन्हा गरम केला आणि मुद्दाम पाय वाजवत बाहेर आले.

"जरा कडक झालाय," एवढंच म्हणाले.

बाईंना त्यांनी काही कळू दिलं नाही. मंगळवारी जात राहिले, फक्त आता एकाऐवजी चार प्रश्न नेत. पुढे त्यांनी दुकानाच्या कमाईतून दहा शेअर घेतले, स्वतःच्या नावाने उघडलेल्या खात्यात. कंपनी घड्याळाचे सेल बनवणारी. पंधरा दिवसांत भाव घसरला. सकाळी भाव वाचताना त्या ओळीला काकांचा आवाज खाली आला. बाईंनी तो बरोबर हेरला.

"किती घेतलेत?"

"दहा."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू उलट मलाच विचारलं असतंस."

बाई हसल्या नाहीत. कंपनीवर कर्ज किती, नफा कुठून येतो, हे पैसे घरखर्चाला लागणारे तर नाहीत ना, सगळं विचारलं. काका एकेक सांगत गेले. कर्ज फारसं नाही. त्यांचा सेल दुकानात हातोहात खपतो. घरखर्चाचे पैसे वेगळे ठेवलेत. बाईंनी चाचपडत त्यांचा हात धरला.

"मलाही दहा घ्या," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, भाव अजून उतरू दे. बाई म्हणाल्या, तळ कुणाला दिसलाय. त्यावरून दोघं जेवायच्या वेळेपर्यंत भांडत बसली आणि दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं.