माऊली आन् हजच्या विमानाचं तेल

करमाडात उतरून कोणालाबी विचारा, चिकलठाण्याच्या विमानतळावर विमानांना तेल कोण पाजतं? लहान पोरगंबी सांगंल, कडूबाचा भाऊ, माऊली. कडूबा म्हणजे मी. शिकलो नववी. पण जालना रोडवर जीप हाणून भावाला बी.कॉम. केलं, हे दुसऱ्या कोणी करून दाखवावं.

आता भावाचं खरं सांगतो. माऊली भित्रा हाय. लहानपणापासून. बैलाला भ्यायचा, सुईला भ्यायचा, गुरुजींनी दुसऱ्याच पोराला हाणलं तरी रडायचा ह्यो. आईनं पाण्याला धाडलं तर आधी दोर ओढून बघायचा, मग रहाट हलवून बघायचा, मग मला हाक मारायचा. आजबी घरातून निघताना गॅस बघतो, अंगणातून माघारी येतो, पुन्हा बघतो. गावात मी त्याला कोणाला भित्रा म्हणू देत नाय. मी म्हणतो, कारण मी थोरला हाय.

अशा माणसाला नोकरी मिळाली ती पेटत्या मालाची. विमानाचं तेल दिसायला रॉकेलसारखं. टँकरनं येतं, टाकीत पडतं, तिथून विमानात जातं. माऊलीचं काम नळी धरायचं नाय, हिशोबाचं. ह्या तेलाला जीएसटी नाय, जुनी एक्साइजच हाय. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाच्या तेलाला कर लागतो, परदेशी जाणाऱ्याला माफ. कुठल्या विमानात किती गेलं, त्यातलं कराचं किती आन् माफीचं किती, ते दर महिन्याला रिटर्न भरून सरकारला कळवायचं आन् कर जमा करायचा. रिटर्न जवळ आलं की ह्याची झोप उडते. भरून झालं की त्या दिवशी तेवढा पोटभर जेवतो.

गेल्या साली असाच रिटर्न भरून आला. भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा मागून घेतला. माही भावजय राजनंदिनी खूश. मीबी खूश, म्हणून गंमत केली.

"काय रं, तुमचं हजचं विमान अर्धं रिकामंच गेलं म्हणं. आमच्या जीपमधी पाय ठेवायला जागा नसती, आन् तुम्हाला नागपूरला थांबून माणसं भरावी लागत्यात."

माऊलीचा हात तसाच ऱ्हायला. भाकरीचा तुकडा ठेच्यात.

"कुठं थांबलं?"

"नागपूरला. गावातल्या शब्बीरभाईची अम्मी व्हती त्यात. तिला सोडायला शब्बीरभाईला घेऊन मीच गेलतो ना! परत येताना माह्या जीपमधीच त्याला फोन आला, अम्मी नागपूरमें उतरी, वहाँ के हाजी चढ़रे."

"हजचं विमान?"

"मग काय म्हशीचं?"

ताट सारून उठला. मोरीत गेला. जेवलेलं सगळं बाहेर.

मग सांगितलं त्यानं. हजचं विमान म्हणजे सौदीतलं जेद्दा, दुसरं कुठं जाणार? ह्यानं तसंच धरलं, ह्याचे साहेब अनंतराव, त्यांनीबी तसंच धरलं. विमानवाल्या माणसानं चिठ्ठीवर परदेश लिहून सही ठोकली. कोणी विचारलंच नाय, कारण त्यात विचारायचं काय? म्हणून ह्यानं सगळं तेल माफीत दाखवलं. पण नागपूरपर्यंत जे जळलं ते देशातच जळलं ना. त्याला कर लागत व्हता.

"दादा, मी सरकारला खोटं लिहून दिलं."

"चुकून लिहिलं. गप बस. नागपूरला कोण गेलतं बघायला?"

"मला कळलं ना आता."

"मग इसर."

माह्याकडं असं बघितलं त्यानं, जसं मी त्याला विहिरीत उडी मार म्हणलो. नोकरी अजून पक्की नव्हती, सहा महिने बघून मग ठेवायचं का काढायचं ते ठरणार व्हतं. काढलं तर एक वेळ चालंल, म्हणला, पण करचोरीची केस झाली तर? बेड्या घालून करमाडातून नेलं तर? मी हसायला तोंड उघडलं आन् हसू आलं नाय.

सकाळी त्याला मोटरसायकल चालवता येईना. मीच जीपमधून नेला. अनंतराव गेटाबाहेर चहा पीत व्हते. शहरातले, पांढरपेशे, शर्टाची घडी मोडू न देणारे. माऊलीनं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माऊली, मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. हे तू मला आत्ताच का सांगतोयस?"

"साहेब, कालच कळलं."

अनंतरावांनी खिशातून बीपीची गोळी काढून चहाबरोबरच गिळली. "हेड ऑफिसला विचारतो. ते सांगतील तसं करू. तोपर्यंत शांत राहा."

"तोपर्यंत ते आले तर?"

"कोण?"

"कोणीबी."

तेवढ्यात मागून एक पांढरी बोलेरो आली, पुढं सरकारी पाटी. दोघंबी उभे ऱ्हायले. अनंतराव सिनियर असून माऊलीच्या मागं सरकले. बोलेरोतून एक साहेब उतरला, बॅग घेतली आन् मुंबईचं विमान पकडायला पळाला.

हेड ऑफिसचा निरोप यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत माऊली निम्मा झाला. कुठं गाडी थांबली की खिडकीशी. फोन वाजला की तोंड पांढरं. एक दिवस बायकोला म्हणला, तू कन्नडला माहेरी जा, इथं काय व्हईल सांगता येत नाय.

"मी कामून जाऊ?" राजनंदिनी म्हणली. "तुम्हाला आत घातलं तर डबा कोण आणंल? दादा?"

मी म्हणलो, आणीन की. पण खरं सांगतो, जीपचा ब्रेक कन्नडच्या घाटात गेला व्हता तवा मी भ्यालो नाय. जीप डोंगराला घासून उभी केली, अठरा माणसं उतरवली. ह्या घरात मला भ्या वाटलं. घाटात काय करायचं ते मला माहीत व्हतं.

मग निरोप आला. चूक आपणहून कळवा, फरक कंपनी भरंल, पण ज्यानं रिटर्न भरलं त्यानं जाऊन समजावून सांगायचं. अनंतरावांनी पत्र सही करून दिलं आन् म्हणले, "मी आलो असतो रे, पण बीपी."

सिडकोतल्या कराच्या ऑफिसात मी बरोबर गेलो. जिन्यात माऊली दोनदा थांबला. मी म्हणलो, हात धरू का? नको म्हणला आन् धरला.

अधिकारी मॅडम व्हत्या. पत्र वाचलं. म्हणल्या, "बोला." माऊलीच्या तोंडातून आवाज नाय. मॅडमनी पाणी दिलं, ते अंगावर सांडलं. आता मीच सांभाळलं पाहिजे.

"मॅडम, माहा भाऊ आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी जीप हाणून शिकवला. ह्याच्या हातून आजपर्यंत एक रुपया..."

"दादा, गप."

जन्मात पहिल्यांदा मला गप म्हणला. मग बोलायला लागला तो थांबलाच नाय. सगळं सांगितलं. विमान, चिठ्ठी, नागपूर, आपण का विचारलं नाय, तेबी.

"विमान नागपूरला थांबलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

माऊलीनं माह्याकडं बोट केलं. "ह्यानं. जेवताना."

मॅडमनी माह्याकडं बघितलं. मी ताठ बसलो. "व्हय मॅडम. मीच."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "राहिलेला कर व्याजासकट भरा. रिटर्न दुरुस्त करून द्या. स्वतःहून कळवलंत, तेही पत्रात लिहा."

"आन् बेड्या?"

"काय?"

"नाय. काय नाय."

खाली आल्यावर जीपच्या बोनेटला टेकून उभा ऱ्हायला. मला वाटलं हसंल. तर म्हणला, "दादा, आधीच्या हजच्या विमानांचं काय? तीबी थांबली असतील तर?" विमानतळावरच्या ऑफिसात गेला, सगळी तपासली. ती थेट गेली व्हती.

अनंतरावांनी रिटायर व्हायच्या आधी त्याला पक्कं केलं. शेऱ्यात लिहिलं, अतिशय काळजीपूर्वक काम करतो. मी असतो तर भित्रा हाय लिहिलं असतं, अर्थ त्योच.

ह्या साली हजला निघालेली एक म्हातारी खाला, म्हणजे मावशी, माह्या जीपमधी व्हती. पहिलंच विमान. सगळ्या रस्त्यानं तस्बीची माळ फिरवत व्हती. विमानतळ दिसला तसा माह्या बाहीला हात घातला.

"बेटा, मेरेकू डर लगरा."

"खाला, तुम आराम से बैठो. डरने का काम नीचे मेरा भाई करता."

तिला उतरवतोय, तर तेलाच्या कंपनीचं जाकीट घातलेला एक माणूस गर्दीतून वाट काढत पळत आला. पायलटला विचारून झालं व्हतं, विमानवाल्याला विचारून झालं व्हतं. तरी खालासमोर वाकून, हात जोडून म्हणला, "खाला, तुमकू किसी ने बोला क्या, बीच में कहीं उतरना है?"

खाला घाबरून माह्याकडं बघायला लागली. "ये कौन?"

"यहीच," मी म्हणलो. "मेरा भाई."