एकाचे दोन आणि जुळं केळं

संशोधन करणाऱ्यांकडे पेपर कमी आणि किस्सेच जास्त साठतात. पेपर परत येतात. किस्से कुणी परत पाठवत नाही! विरारच्या आमच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये, दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, आम्ही तिघं होतो: गाईड नाना सर, पीएचडी करणारी शुभा आणि केमिस्ट्री शिकवता शिकवता तिथे नाक खुपसणारा मी.

विषय होता ‘सिंगलेट फिशन’. टेट्रासीन नावाची नारिंगी पूड असते. तिच्या पातळ थरावर प्रकाशाचा एक कण पडला, की ज्या रेणूला त्या कणाची ऊर्जा मिळते तो ती शेजारच्या रेणूबरोबर वाटून घेतो. एका वाट्याचे दोन वाटे. दोन्ही पकडता आले, तर सोलर सेलमधून जास्त करंट निघेल. नाना सर थोडक्यात ‘एकाचे दोन’ म्हणायचे. मग काय, स्टाफरूममध्ये कुणी मला बिस्किट दिलं, की “एकच देतोय, दोन तुम्ही करा!” हे ठरलेलं.

*

थर बसवायला व्हॅक्यूम पंप तासन्‌तास चालावा लागे, आणि आमच्याकडे लोडशेडिंग! एकदा थर बसत आला आणि पंप थांबला. सरांनी तडक वीज कचेरीत फोन लावला.

“अहो, आमचा सगळा प्रयोग प्रकाशावर आहे!”

पलीकडून शांत आवाज आला, “मग खिडकी उघडा ना, साहेब!”

सर आणि मी पोट धरून हसलो. शुभा हसली नाही. थर तिचा होता, आणि तो पुन्हा पहिल्यापासून करायचा होता. मला तेव्हा तिची फार दया आली.

*

थर हवेत आणि उजेडात खराब होतो, म्हणून आमच्या खोलीत कायम अंधार. संस्थेचे एक ट्रस्टी पाहणीला आले आणि दारातच थबकले.

“सोलरचं काम, आणि अंधारात?”

माणूस मनाचा मोठा. आठवड्यात दोन नव्या ट्यूबलाइट आल्या, त्याही लावणाऱ्या माणसासकट! शुभा दारात हात पसरून उभी राहिली. “दादा, प्लीज, इथे नको, जिन्यात लावा!”

आमच्या जिन्याइतका लख्ख जिना अख्ख्या विरारमध्ये नव्हता.

*

शुभा मूळची रत्नागिरीकडची, लग्न होऊन विरारजवळच्या नंदाखालला केळीच्या वाडीत आलेली. सासूबाई लॅबसाठी केळी पाठवायच्या, पण आधी फणी उलटसुलट करून तपासायच्या. एका सालीत दोन, असं जुळं केळं खाल्लं की जुळी होतात, यावर त्यांचा ठाम विश्वास. सुनेला त्यांनी बजावलं होतं, “आधी डॉक्टर हो. मग जुळी काय, तिळी होऊ देत!” चुकून एखादं जुळं आलंच, तर ते मला मिळायचं.

एकदा शेजारणीने त्यांना विचारलं, “सून कॉलेजात करते तरी काय?”

“उजेडाची जुळी काढते. म्हणून तर केळ्याची देत नाही!”

इतक्या सोप्या शब्दांत आमचा विषय नाना सरांनाही कधी सांगता आला नाही.

*

मग आली व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच कडक. थिसिस एकदा त्यांनी परत पाठवला होता, “ही जादू आहे, फिजिक्स नाही” असा शेरा मारून. आज अडलं, तर शुभाची सगळी वर्षं पाण्यात.

त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “एकातून दोन आले, तर जास्तीची ऊर्जा आली कुठून?”

शुभाने फळ्यावर समीकरणं मांडली, आलेख दाखवले. साहेबांची मान नकारार्थीच. नाना सर रुमालाने घाम पुसत होते.

चहाबरोबर द्यायला सासूबाईंची फणी टेबलावर होती, आणि नेमकी त्या दिवशी घाईत तपासायची राहिलेली! शुभाने तिच्यातलं एक जुळं केळं तोडलं, सोललं, दोन भाग वेगळे केले आणि शेजारी एक साधं केळं ठेवलं.

“सर, जास्तीचं काहीच आलं नाही. दोन झाली, पण प्रत्येक बारीक आहे. दोन्ही मिळून साधारण या एकाएवढी.”

साहेबांनी चष्मा काढला. केळ्यांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. शुभाला वाटलं, अजून पटलं नाही. फणीत आणखी एक जुळं होतं; तिने हात पुढे केला.

“ते सोलू नका, डॉक्टर,” साहेब घाईघाईने म्हणाले. “तसंच कागदात गुंडाळून द्या. घरी सून आहे.”