हातमी नस

बारावीच्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी मी सुरतेत एका क्लासला जात होते. वडील पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला, घरात अहिराणी, दहावीपर्यंतची शाळा मराठी. क्लासमध्ये शिकवणं इंग्रजीत आणि समजावणं गुजरातीत. मराठी मी एकटीच. गुजराती बोलता यायचं, पण वाचायची वेळ आली की अक्षराला अक्षर लावत बसावं लागे.

कामरेजकडची, शेतकरी घरातली एक मुलगी माझ्या बाकावर बसायची. मधल्या सुट्टीत ती गुजराती नोट्स मला मोठ्यानं वाचून दाखवी आणि मी मराठीत उतरवून घेई. "फरी वांचुं?" ती विचारायची. पुन्हा वाचू का? कितीदा वाचावं लागलं तरी कंटाळायची नाही. तिच्या बोलीत 'स'चा 'ह' व्हायचा. सात म्हणजे 'हात', साचुं, म्हणजे खरं, याचं 'हाचुं'. मला त्याचं काही वाटत नसे. आमच्या घरीही डोळ्याचा 'डोया' होतोच.

एक दिवस सरांना यायला उशीर झाला. पहिल्या बाकावरची, डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "कुणी 'एक बॅक्टेरिया' म्हटलं ना, की माझं डोकंच फिरतं. एक असेल तर बॅक्टेरियम!" दुसरीला 'झूलॉजी' खपत नव्हतं, 'झो-ऑलॉजी'च हवं. एका मुलाला 'रिपीट अगेन'चा राग. ज्याला त्याला आपापला शब्द आठवला. चार महिन्यांत त्या बाकांवरून मला कुणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांची मुलगी अचानक मागे वळली.

"आणि तुला?"

मी म्हणाले, "हातमी नस. मेंदूची सातवी नस चेहऱ्याची असते ना? आमच्या बाकावर ती हाताची आहे."

ते मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्याच हेलात म्हटलं. सगळा वर्ग हसला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. तीही थोडी हसली, मग वहीत मान घालून काहीतरी लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मागे जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात तिनं सकाळची बॅच घेतली. पुढच्या बाकांवरून मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मी एकटीच नोट्स उघडून बसे आणि एकेक ओळ लावेपर्यंत घंटा होई. घरी माझा चेहरा बघून आई विचारी, "काय व्हयनं, बेटा?" मी "काही नाही" म्हणे, तेही पुस्तकी मराठीत.

शेवटी एका रविवारी बसनं तिच्या गावी गेले. ती अंगणात वाळवण राखत बसली होती. तिच्या आईनं पाणी दिलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते लोक हसले, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "तू हसवलंस."

तिनं अभ्यास कुठवर आला ते विचारलं, मी सांगितलं. निघताना ती फाटकापर्यंत आली.

"सांज पडवा आवी. साचवीने जजे."

संध्याकाळ होत आली, जपून जा. प्रत्येक 'स' तिनं सावकाश, नीट उच्चारला. घरच्या अंगणात उभी राहून ती माझ्याशी शाळेतल्या बाईंसारखं बोलत होती. बसमध्ये मला रडू आवरलं नाही.

परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रात आला. बारीक आकड्यांच्या रांगांत माझा नंबर सापडला. वडील पेपर घेऊन शेजारीपाजारी दाखवायला धावले. ते परतल्यावर मी तो पुन्हा पसरला, तिचा नंबर शोधावा म्हणून. तेव्हा लक्षात आलं, तो मी तिला कधी विचारलाच नव्हता.