आत्याने दिलेलं काळीज

आमची आत्या शिवणकाम करते. आतोबा नळदुरुस्तीवाले. दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत, तरी लिव्हर निबर झाल्याचं कळल्यावर लोकांनी डोळे मिचकावलेच. "जुन्या काविळीचं दुखणं आहे ते!" आत्या एकेकाला ठणकावून सांगायची.

हळूहळू आतोबांच्या पोटात पाणी साचू लागलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आत्या रोज सकाळी त्यांच्या पोटाला टेप लावायची, लघवी मोजायची आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहायची.

"अगं, पोटाला सदरा शिवतेस की काय?" आतोबा वैतागायचे.

"सरळ उभे राहा."

एका सोमवारी पोट दोन बोटं वाढलं आणि दिवसभरात कपभरही लघवी झाली नाही. "उद्या बघू," म्हणणाऱ्या आतोबांना तिने तस्संच दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "किडन्या बंद पडत चालल्यात." आत्याने पिशवीतून मापांची वही काढून त्याच्यापुढे धरली.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, वही चाळली. "किडन्या मुळात धड आहेत. लिव्हरमुळे त्यांना रक्त पुरत नाहीये. वेळेत आणलंत, इंजेक्शनांनी थोडी सवड मिळेल. पण खरा उपाय लिव्हर बदलणं हाच."

"म्हणजे नळ चांगला, वरून दाबच नाही," आतोबा पुटपुटले.

आत्याचं लिव्हर जुळलं; त्यातला एक तुकडा काढून आतोबांना बसवायचा होता. आतोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुला काही झालं तर? मला नको."

"पंचवीस वर्षं माझं डोकं खाल्लंत, आता काळीज देते तर नखरे!"

ऑपरेशनच्या सकाळी मात्र तिने माझा हात घट्ट धरला. "भीती वाटतेय गं. त्यांना सांगू नकोस."

आठवड्याभरात आतोबांच्या किडन्या आपणहून चालू लागल्या; त्यांना कुणी हातही लावला नव्हता. शेजारच्या खोलीत टाके सांभाळत पडलेल्या आत्याला मी ते सांगितलं, तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.

आता ती पुन्हा मशीनवर बसते. नवऱ्याला लिव्हर द्यायला निघालेल्या, घाबरलेल्या बायकांना डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाठवतात. आत्या काम बाजूला सारते, त्यांना खुर्ची देते आणि म्हणते, "आधी पाणी प्या. मग सगळं सांगा, मला घाई नाही."