कस्तुराबाईंचं जातं

तेरच्या एसटी स्टँडाजवळ सुतारांनी आणि बायांनी मिळून सोसायटीचं कलादालन काढलं, तेव्हा दालन सांभाळणाऱ्या उत्तरेश्वरानं एक नियम केला. ज्यानं वस्तू घडवली, त्याचं नाव तिच्या बुडाला रंगवायचं. कस्तुराबाईंचा जन्म पटाशी चालवण्यात गेला, पण त्यांचं काम लोक कायम नवऱ्याचंच समजत आले. तो गेल्यावरही तेच. म्हणून भातुकलीच्या लाकडी जात्याखाली आपलं नाव पहिल्यांदा बघितलं, तेव्हा त्यांनी ते देव्हाऱ्यात देवापुढं ठेवलं आणि मगच विक्रीला दिलं.

ते जातं गल्लीतल्याच अर्पिताच्या आईनं नेलं. लेकीचं लग्न होतं, रुखवतात मांडायला हवं होतं.

लग्नात कस्तुराबाई रुखवतापाशी गेल्या. जातं मधोमध मांडलेलं. सहज उचलून बघितलं, तर बूड काचपेपरनं घासून पांढरं केलेलं. त्यांनी ते हळूच जागेवर ठेवलं. रुखवत नवरीच्या हातचं असतं, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? तरी पाय तिथून निघेना.

तेवढ्यात भूमहून आलेली वरमाय तिथं आली. तिनं जातं फिरवून बघितलं.

"अगं बया, हे तर खरंच फिरतंय. आत काय बसवलंस गं?"

अर्पितानं आईकडं बघितलं. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. जमलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. नाव सांगायचं तर हीच वेळ होती. कस्तुराबाईंनी पोरीचं उतरलेलं तोंड बघितलं.

"बाभळीची खीळ हाय ती," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळच बसून शिकली की."

"व्हय का? मग आमच्या सुनेच्या हातात कला हाय म्हणायची."

घरी येताना कस्तुराबाई गोरोबाकाकांच्या देवळात थांबल्या. भर मांडवात, देवाब्राह्मणांसमोर खोटं बोलल्याचं त्यांना फार लागलं होतं. "काका, तोंडातून गेलं," एवढंच म्हणून त्यांनी पायरीवर डोकं टेकलं.

लग्नानंतर पाचपरतावनाला माहेरी आलेली अर्पिता थेट दालनात कस्तुराबाईंकडं आली.

"काकी, सासूबाई म्हणतात, नणंदेच्या पोरीला तसंच एक करून दे. एक द्या ना. नाव न टाकता."

"विकत न्हाय मिळायचं."

"काकी, असं काय करता?"

"शिकली म्हणून सांगितलंय म्या. आता देवाला काय तोंड दाखवू? बस खाली."

अर्पिता बसली. मेंदीच्या हातानं तिनं पटाशी धरली. पहिली खीळ चिरली, दुसरी सैल झाली. "चपात्या तरी गोल येतात का गं?" कस्तुराबाई म्हणाल्या, पण तिच्या हातातलं काम काही त्यांनी आपल्या हाती घेतलं नाही. परत सासरी जायच्या आदल्या दिवशी एक जातं उभं राहिलं. एका अंगाला कललेलं, फिरताना कुरकुरणारं. पण फिरत होतं.

कस्तुराबाईंनी ते दोनदा फिरवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. मनावरचा धोंडा उतरला होता.

उत्तरेश्वर रंगाची डबी घेऊन आला. "कुणाचं नाव टाकू?"

"माझं टाका, दादा," अर्पिता म्हणाली. मग कस्तुराबाईंकडं न बघताच हळू आवाजात म्हणाली, "आणि रंग ठेवा थोडा. रुखवतातलं जातं पुढल्या खेपेला भूमहून घेऊन येते. त्याला काकींचं नाव टाकायचंय."