आमच्या नाल्याचं माहेर

मंडळी, पाय अजून चिखलाचे आहेत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिंकलो!

माझं माहेर जंगलात टेकडीखाली आणि सासर तिथून खाली, चामोर्शीकडे. माहेरच्या झरीवर यंदा बांध घालून सगळं पाणी अडवायचं ठरलं होतं. "हे पानी जंगलातच जिरते, तुमच्या नाल्याले जातच नाई," असं माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणायचे; गावात शब्द त्यांचाच चालतो. आमच्या सासरचं धान मात्र त्या नाल्यावरच पिकतं.

म्हणून आज सकाळी मी झरीत टोपलंभर धानाचा भुसा ओतला. मग मोठेबाबांना स्कुटीवर बसवून थेट आमच्या नाल्यावर आणलं.

दुपार झाली, तरी पाणी नुसतंच वाहत होतं. मोठेबाबा हसून म्हणाले, "काऊन व पोरी, भुसा वाटेत झोपला का?"

तेवढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या सासूबाई ओरडल्या, "आला व माय, आला!"

वळणावरून पिवळा भुसा वरातीसारखा मिरवत आला!

मोठेबाबांनी ओंजळीत घेऊन तो नीट पाहिला. मग म्हणाले, "पोरगी देल्ली, आता पानी बी न्या. बांध नाई घालत."

तुमच्या नाल्याचं माहेर कुठे आहे? कधी जाऊन पाहिलंत का?