पाजलं न्हाय, नाकात घातलं

आठ महिन्यांचं बाळ माझ्या टेबलावर होतं आणि टाचेला टिचकी मारली तरी रडत नव्हतं. अंग गार, नाडी मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ताप नाही, मार लागल्याची खूण नाही.

भिवंडीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना असं बाळ दिसलं की आधी अफूचा संशय यायचा. पोर निजावं म्हणून कुणी चाटवायचं.

कोन गावाहून आलेली आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला इचारा डॉक्टरीणबाय. ड्युटीला जायचं म्हणून हिनंच कायतरी पाजलं आसंल."

सून, वनिता, वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. मलाही तिचाच संशय आला.

अफूवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. फरक शून्य. आजीला बाहेर बसवून वनिताला विचारलं.

"मॅडम, मी सकाळी निघाले तेव्हा बाळ खेळत होतं. दिवसभर आईंकडेच होतं."

म्हणजे आता संशय आजीवर. तिला आत बोलावलं.

"आजी, तुम्ही काय पाजलंत?"

"देवाशपथ, कायपन न्हाय!"

"बाळाला काही त्रास होता?"

"नाक चोंदलं व्हतं. दूध वढत नव्हता."

"मग?"

"लेकाचं थेंब व्हतं, ते घातलं. नाक सुटंना म्हून परत घातलं."

लेक लूमवर कामाला. कापसाच्या धुळीनं त्याचं नाक कायम बंद. मी ड्रॉप्सची बाटली मागवली. मोठ्या माणसांचीच निघाली. हे औषध नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून नाक मोकळं होतं. नाकातून रक्त वाहत असेल, तर आमचे नाक-कान-घशाचे डॉक्टर तेच वापरतात. पण तान्ह्या बाळात ते रक्तात उतरून मेंदूपर्यंत जातं. बाळ गुंगतं, नाडी पडते, कधी श्वासही थांबतो.

"मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुमी पाजलं का इचारलं. मी पाजलं न्हाय, नाकात घातलं!"

त्या ड्रॉप्सवर खास उतारा नाही. बाळाला ऊब दिली, मॉनिटर लावला आणि वाट बघितली. दुसऱ्या दिवशी त्यानं दुधासाठी वॉर्ड डोक्यावर घेतला. आजी रडली, पण सुनेशी एक शब्द बोलली नाही.

डिस्चार्जनंतर वनिता कोनला गेली नाही. बाळाला घेऊन थेट वळ गावाला, माहेरी गेली.

त्यानंतर मी 'काय पाजलं' असं विचारणं सोडलं. तोंड, नाक, डोळे, कान, एकेकाचं नाव घेऊन विचारते.